चार सदूंचा जॅक

गुणाजीकाका खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून बघायचे. खुर्ची स्वतःच्या घरातली असो, देवळातली असो की लग्नाच्या मांडवातली. दोन्ही हातांनी पाठ धरायची, एकदा पुढे, एकदा मागे, मग जरा डावीकडे झुकवायची, आणि चारही पाय जमिनीला टेकतात अशी खात्री पटली की तिच्याकडे संशयाने बघत बघत बसायचं. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तर त्यांनी नवऱ्या मुलाला उभं केलं आणि त्याची खुर्ची हलवली. एक पाय खरंच लुळा निघाला. मुलाचा बाप चिडला. काका शांतपणे म्हणाले, "मुलगा पडला असता तर तुम्हीच म्हणाला असता, पोरगी पायगुणाची नाय."

हा किस्सा मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. एरवी मला बोलायला आवडत नाही. आमच्या बेटावरच्या प्लेन दे पपाय गावातल्या शाळेत मी मराठी शिकवतो, आणि शाळेबाहेर सलग चार वाक्यं बोललो तर बायको कपाळाला हात लावून ताप बघते. पण गुणाजीकाकांचा विषय निघाला की मला कंठ फुटायचा. बारशात, साखरपुड्यात लोक म्हणायचे, "मास्तर, तो जॅकचा सांगा ना." मी सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. त्या किश्श्याचा शेवट मी खोटा सांगतो, हे हसणाऱ्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. आज खरा सांगणार आहे. हसू कमी येईल.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आमच्या दोन घरांच्या मधे फक्त बांबूचं कुंपण. मूलबाळ नाही, काका आणि शेवंताकाकी, दोघंच. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात त्यांची नोकरी. दिवसभर टनांनी लोखंड वर-खाली करणारा हा माणूस घरी आला की ताटलीसुद्धा टेबलाच्या कडेपासून चार बोटं आत सरकवायचा. कुणी गडबड केली की त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "घाई हाय? मग पायी जा." आणि फारच जीव खालीवर झाला तर इथल्या क्रियोल बोलीत, हात हवेत दाबत, "दूसमाँ, दूसमाँ!" हळू, हळू.

सत्तरच्या दशकाच्या मधल्या त्या वर्षांत उसाला भाव बरा आला होता आणि आमच्या गल्लीत घरटी एक मोटारसायकल दिसू लागली होती. गाड्या जपानी, पण त्या दुरुस्त करायची पद्धत आमची. चाक काढायचं तर गाडी बिअरच्या खोक्यावर चढवायची, नाहीतर उसाच्या शेतातल्या काळ्या दगडांवर. दोघांनी धरायची आणि तिसऱ्याने खाली डोकं घालायचं. काकांना हे बघवत नसे. ते रस्त्यात थांबायचे आणि खाली डोकं घातलेल्या माणसाच्या बायकोला हाक मारून विचारायचे, "याचा विमा हाय का गं?"

शेवटी त्यांनी ठरवलं, मोटारसायकल उचलायचा खराखुरा जॅक घ्यायचा. गल्लीत एक, आणि तो आपल्या शेडमध्ये. त्यासाठी आम्ही ओळीने तीन शनिवार बस बदलत बदलत रोझ हिलला गेलो. "आम्ही" म्हणजे काका, मी आणि एक सुतळी. सुतळीला दोन गाठी होत्या. एक गाठ म्हणजे काकांच्या गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच, दुसरी म्हणजे पोटाखालच्या दोन नळ्यांमधलं अंतर. मला नेलं होतं खोक्यावरचं इंग्रजी वाचायला.

पहिल्या शनिवारी दुकानदाराने मोठ्या मोटारीचा जॅक पुढे केला. काकांनी सुतळी लावली. "खाली केला तरी हा पोटाखाली जात नाय. वर कोण उचलनार, तुमचा आजा?" दुसऱ्या शनिवारी एक छोटा निघाला, कात्रीसारखा उघडणारा. तो पोटाखाली गेला असता, पण त्याची बैठक बशीएवढी. काकांनी त्यावर एक जड डबा ठेवला आणि करंगळीने ढोसला. डबा दुकानदाराच्या पायावर पडला. तिसऱ्या शनिवारी आम्हाला बघताच दुकानदाराने क्रियोलमध्ये काकांना हाक दिली, "तोंतों, जॅक घेताय की मुलगी देताय?" काका म्हणाले, "मुलगी परत येऊ शकते बाबा. पाय परत येत नाय."

त्या दिवशी मात्र मनासारखा निघाला. कात्रीचाच, पण बैठक हातभर रुंद, वर दोन लांब पट्ट्या आणि त्यांच्यावर काळं रबर, शिवाय वर नेल्यावर अडकवायला लोखंडी खीळ. खोक्यावर लिहिलेलं वजन मी वाचून दाखवलं. काकांचा विश्वास बसेना.

"सदू, तुझं वजन किती?"

"पासष्ट किलो."

"माझी गाडी म्हंजे दोन सदू. जॅक घ्यावा दुपटीचा. म्हंजे चार सदू पेलनारा पायजे. चढ."

मी चढलो. शाळामास्तर माणूस, पँटला इस्त्री, हातात छत्री, आणि भर दुकानात इंचाइंचाने वर चाललेला. काउंटरवरच्या दोन पोरी हसून हसून खाली बसल्या. काकांनी दुकानदारालाही माझ्या पाठीला पाठ लावून चढवलं, मग स्वतः बाजूला उभे राहून म्हणाले, "हलू नका. आता मी हालवतो."

जॅक आला आणि काकांच्या शेडला देवळाची कळा आली. जॅक बाहेर द्यायचा नाही, हा पहिला नियम. गाडी इथे आणायची. आधी काका फरशीवर एक गोटी ठेवणार. गोटी घरंगळली तर काम नाही, जागा बदला. मग पुढच्या चाकाला पुढून मागून लाकडाची पाचर. मग प्रश्न. टाकी किती भरलीय? इंजिन थंड आहे? हँडल कोण धरणार? त्याने जेवण केलंय का? उपाशी माणसाला ते हँडल धरू देत नसत. मग गाडी फक्त चार बोटं उचलायची, थांबायचं, आणि हालवून बघायची. टिकली तर वर, खीळ आत, पट्टा छताच्या वाशाला, आणि मगच हात खाली. तोवर गाडीवाल्याचा अर्धा रविवार गेलेला असे. लोक कुरकुरत, पण येत. कारण काकांच्या शेडमध्ये कधी कुणाचं नख दुखावलं नाही.

मला त्या प्रश्नांचा कंटाळा होता. सगळं झालं ते तेवढ्यावरून झालं. मोठं काही कारण असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात. कोयते, कुदळी, करवती, आता पाने-पकडी आणि मोटारसायकलीसुद्धा. तेल लावायचं, कुंकू लावायचं, फूल ठेवायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. काकी जॅकच्या पट्ट्यांनाही तेल-कुंकू लावायची. काका काही बोलत नसत, देवाचं आहे म्हणून. पण दुसऱ्या दिवशी कारखान्याला जाण्याआधी ते केरोसिनच्या फडक्याने ते रबर कोरडं ठाक करत. रबराला तेल लागलं की लोखंड त्यावरून सटकतं. हे त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलं असेल.

त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी माझी पहिली मोटारसायकल घरी आणली. जुनी होती, मधला स्टँड तुटलेला. बाजूच्या स्टँडवर एका अंगाला कलून उभी राहायची. आई पूजेचं ताट घेऊन बाहेर आली आणि थबकली.

"ही अशी लंगडी उभी करतोस देवापुढं?"

"आई, तिचा स्टँड तुटलाय."

"ते मला नको सांगू. आधीच एक दिवस उशीर. सरळ उभी कर, मग ओवाळते."

काका कारखान्यात होते, काकी दुकानात गेली होती. काका येईपर्यंत थांबलो असतो तर गोटी, पाचर, प्रश्न. मी कुंपण ओलांडलं आणि जॅक घेऊन आलो. गाडी त्यावर सरळ उभी राहिली. आईने गाडीला तेल-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग वाकून जॅकच्या रबरालाही भरपूर तेल चोळलं, वर कुंकवाची बोटं. "त्याच्यावर तर उभी हाय बिचारी," म्हणाली, आणि समोर बसून ओवाळलं.

जॅक परत ठेवताना काळ्या रबरावरचं लाल मला दिसलं. काकांना कळेल, विचारल्याशिवाय नेला म्हणून बोलतील. आईच्या ताटातलं तेलकट फडकं उचललं आणि पुसलं. लाल गेलं. चमक राहिली. ती चमक मी बघितली होती, हे आज लिहितो. बघितली आणि मला वाटलं, वा, नव्यासारखा दिसतोय.

तीन वाजता काका आले. चेन सैल झाली होती म्हणून त्यांनी आपली गाडी जॅकवर घेतली. गोटी ठेवली असेल, पाचरी लावल्या असतील, हँडल काकीला धरायला दिलं असेल. चार बोटं उचलली, थांबले, आणि नेहमीसारखी हालवून बघितली.

आवाज ऐकून सगळ्यांत आधी मी पोचलो. गाडी काकांच्या डाव्या घोट्यावर आडवी पडली होती. मला बघून ते म्हणाले, "आधी पेट्रोल बंद कर." मी बंद केलं, गाडी उचलली. काकी रडत होती. काकांनी आपल्या पायाकडे बघितलंच नाही. हात लांब करून जॅकच्या रबरावर बोट फिरवलं, मग ते बोट अंगठ्यावर घासलं.

"तेल," म्हणाले. "सकाळी पुसलं असं वाटतंय मला. पन बोट खोटं बोलत नाय. पुसायचं ऱ्हायलं."

तेव्हा बोलायचं होतं. नंतर इस्पितळात, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन उभा होतो, तेव्हाही चाललं असतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काका स्वतःहून सांगत, "चूक माझी. पुसायचं ऱ्हायलं," आणि मी पायथ्याशी उभा राहून मान हलवत होतो. हाड जुळलं, पण पाऊल जरा बाहेर वळलं ते वळलंच. काठी आली. मोटारसायकल विकली. जॅक शेडमध्ये गोणपाटाखाली गेला आणि गाड्या पुन्हा बिअरच्या खोक्यांवर चढल्या.

गाव हसलं. एवढा गोट्या ठेवणारा, खुर्च्या हालवणारा, आणि स्वतःच्याच जॅकखाली सापडला! किश्श्याला असा शेवट आयता मिळाल्यावर मीही तो वापरला. माझ्या तोंडून तो जास्त खरा वाटायचा. शेजारी ना मी.

पाय मोडला ते मोडला. खरं मोडलं ते निराळंच होतं, आणि ते कळायला मला वेळ लागला. काकांचा स्वतःवरचा विश्वास उडाला. पुसल्याचं इतकं स्पष्ट आठवतं आणि तरी पुसलेलं नव्हतं, मग दुसरं काय काय आठवतंय ते खरं कशावरून? त्यांनी एक पाटी आणली. दार लावलं की पाटीवर "दार". नळ बंद केला की "नळ". थोड्या दिवसांनी पाटीवरचं अक्षर आजचं की कालचं, अशी शंका येऊ लागली. मग ते काकीला विचारत. काकी सुरुवातीला हसायची, मग चिडायची, मग तिने घराची किल्ली स्वतःच्या पदराला बांधली. "डोकं गेलं ह्यांचं," ती आईला कुंपणावरून सांगायची. आई म्हणायची, "वय झालं गं." काका तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते.

गणपतीत मूर्ती लॉरीवर चढवून दोऱ्यांनी बांधायचं काम वर्षानुवर्षं त्यांचं. एकदा आमच्या मंडळाच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, यंदा दुसऱ्याला द्यावं काय? सगळे माझ्याकडे बघायला लागले, घरचा माणूस म्हणून. मी म्हणालो, "काकांना आराम देऊ या." हे वाक्य माझं आहे. बैठकीच्या वहीतसुद्धा माझ्याच अक्षरात आहे. काकांना प्रसादाच्या केळ्यांजवळ बसवलं. बसण्याआधी त्यांनी खुर्ची हलवली नाही.

अशी अकरा वर्षं गेली. काकी गेल्या वर्षी वारली. त्यानंतर रोज संध्याकाळी काका मला हाक मारू लागले, "सदू, जरा गॅस बघून जा." मी जायचो. सिलिंडरचा खटका बघायचो. एका वर्षात एकदाही तो उघडा नव्हता. आयुष्यात ज्याने गॅस कधी उघडा ठेवला नाही, त्या माणसाला मी रोज सांगायचो, "बंद आहे काका," आणि ते म्हणायचे, "उपकार झाले रं पोरा."

मागच्या महिन्यात एक दिवस बघितलं तर ओट्यावर भांडी बांधून ठेवलेली.

"सूयाक गावची भाची रविवारी येतेय," काका म्हणाले. "तिच्याकडं जातो. माझ्यासारख्यानं एकट्यानं ऱ्हाणं बरं नाय. उद्या घर पेटलं तर तुझं पण पेटंल."

"तिकडे करमेल तुम्हाला?"

"करमायचं काय त्यात? स्वैपाकघरात शिरायचं नाय, एवढं कबूल केलंय मी."

तेव्हा सांगितलं. उभ्याउभ्याच, गॅसच्या सिलिंडरकडे बघत. कुंपण, जॅक, आई, तेल, कुंकू, फडकं. तुम्ही पुसला होता काका, सकाळी पुसलाच होता, नंतर मी. सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. याच्यासाठी अकरा वर्षं.

काका काठीचा आधार घेत स्टुलावर टेकले. मला शिवी हवी होती. काठी चालली असती.

"गाडी जॅकवर होती," ते म्हणाले, "तवा तुझा हात खाली होता?"

"नाही."

"तुझी आई कुठं होती?"

"समोर. बसून ओवाळत होती."

"बसून!" त्यांनी डोळे घट्ट मिटले. "तेल लावल्यावर बसली ती समोर? अरे, अंगावर आली असती ना गाडी! म्हातारी चिरडली असती!"

माझी आई चार वर्षांपूर्वी अंथरुणात, झोपेत गेली. काकांच्या कपाळावर मात्र खरोखर घाम आला होता. तो त्यांनी बाहीने पुसला.

"म्हंजे पुसला होता मी," म्हणाले.

"हो."

"केरोसिननं."

"हो काका."

ते काठी टेकत उठले आणि माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता दाराबाहेर काढतील. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. भिंतीवर शेवंताकाकीचा फोटो होता, ताजी शेवंती घातलेला.

"हिला सांग."

"काका..."

"मला सांगून काय उपेग? मला वाटतच होतं पुसलाय म्हणून. हिला नव्हतं वाटत. शेवटल्या दिवशी मला काय म्हनाली ठाऊक हाय? अवं, मी गेल्यावर काडेपेटीला हात लावू नका. असं सांगून गेली ती मला." त्यांनी माझं मनगट सोडलं. "सांग. आनि मोठ्यानं बोल, तिला कमी ऐकू यायचं."

मी फोटोसमोर उभा राहिलो आणि बोलायला लागलो.

"मोठ्यानं."

मी आवाज चढवला. वर्गातसुद्धा मी इतक्या मोठ्याने कधी बोललो नव्हतो. रस्त्यावरून जाणाऱ्यांनाही ऐकू जात असेल. जॅक नेला, तेल लागलं, फडक्याने पुसलं, परत ठेवला, गप्प राहिलो.

"कुंकवाचं ऱ्हायलं," काका म्हणाले.

कुंकवाचं सांगितलं.

"आनि मी सूयाकला जात नाय, ते पन सांग."

"काकी, काका सूयाकला जात नाहीत."

काका दोन्ही हात काठीवर ठेवून उभे होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मान जराशी पुढे काढून ते फोटोकडे बघत होते.

"ऐकलंस गं?" ते म्हणाले.